दुर्बिणीने मुतखडा काढताना किडनी कशी जपतात? नाशिकच्या रुग्णांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुतखड्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली की घरचे पहिला प्रश्न विचारतात, "सगळा खडा निघेल ना?" खडा निघायला हवाच, पण ऑपरेशन करायचं ते किडनीसाठी. म्हणून खालची सगळी उत्तरं किडनीच्या बाजूने लिहिली आहेत: ऑपरेशनआधी, ऑपरेशन चालू असताना आणि नंतर तिचं काम कशाने बिघडतं आणि ते कसं टाळतात. तुमचे डॉक्टर तुमचे रिपोर्ट बघून सल्ला देतात. इथलं वाचून परस्पर काही बदलू नका, मात्र प्रश्न जरूर विचारा.

ऑपरेशनमुळे किडनी खराब होते का?

बहुतेक वेळा ऑपरेशनने किडनी वाचते. खडा अडकला की लघवी मागे तुंबते, किडनी फुगते आणि रक्त गाळण्याचं काम मंदावतं. पूर्ण अडथळा काही दिवसांत सुटला तर किडनी बऱ्यापैकी पूर्ववत होते. तो कित्येक आठवडे राहिला तर गेलेलं काम सगळं परत येत नाही.

इथे एक गोष्ट फार जणांना फसवते. कळ थांबली म्हणजे खडा पडला, असं धरून लोक घरी बसतात. पूर्ण तुंबलेली किडनी हळूहळू लघवी कमी तयार करते, आतला दाब उतरतो आणि दुखणं आपोआप शमतं. खडा मात्र तिथेच असतो. लघवी गाळून बघताना खडा सापडला नसेल तर दोन-तीन आठवड्यांच्या आत सोनोग्राफी किंवा सीटी करून खात्री करावीच.

ऑपरेशनमधून किडनीला इजा होण्याच्या मुख्य वाटा पाच आहेत: किडनीत वाढलेला दाब, रक्तात उतरलेला जंतुसंसर्ग, लेझरची उष्णता, रक्तस्राव आणि ऑपरेशननंतर लक्षात न आलेला अडथळा. भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब आणि किडनीला न मानवणारी औषधं यांची त्यात भर पडते.

लहरींचा उपचार, लेझर की पाठीतून छिद्र? किडनीला सगळ्यात सोपं काय?

खड्याचा आकार, जागा आणि कडकपणा यांवर उत्तर ठरतं. किडनीतला खडा २ सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर पाठीतून छोट्या छिद्रावाटे काढणं, म्हणजे पीसीएनएल, हा पहिला पर्याय. त्याहून लहान खड्यासाठी लघवीच्या वाटेने लवचीक दुर्बीण वर नेऊन लेझरने फोडणं, म्हणजे आरआयआरएस, किंवा बाहेरून लहरी देणं, म्हणजे ईएसडब्ल्यूएल. मूत्रवाहिनीत, म्हणजे किडनीतून मूत्राशयात जाणाऱ्या नळीत, अडकलेल्या खड्यासाठी बहुधा यूआरएस, म्हणजे लघवीच्या वाटेने त्या नळीत दुर्बीण नेऊन खडा काढणं.

"छिद्र नको, लेझरच करा" असा आग्रह रुग्ण धरतात. ३ सेंटिमीटरचा खडा लवचीक दुर्बिणीने फोडायला गेलं तर दोन-दोन तास दाब आणि उष्णता सोसावी लागते, दोन-तीन वेळा भूल घ्यावी लागते आणि तरी तुकडे राहू शकतात. अशा खड्याला एकदाच केलेलं नीट पीसीएनएल किडनीला कमी त्रासाचं ठरतं. शरीरावर छेद नाही म्हणजे किडनीला त्रास नाही, असा हिशेब इथे चालत नाही.

ईएसडब्ल्यूएलला "काहीच ऑपरेशन नाही" म्हणतात, पण लहरींनीही किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या दुखावतात, क्वचित किडनीभोवती रक्त साकळतं. म्हणून सुरुवात कमी जोराने करतात, मग जोर वाढवतात आणि मिनिटाला साधारण ६० ते ९० लहरी एवढाच वेग ठेवतात. रक्तदाब आटोक्यात नसेल, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा बाई गरोदर असेल तर हा उपचार करत नाहीत.

क्रिएटिनिन नॉर्मल आहे. मग किडनी ठीकच म्हणायची ना?

क्रिएटिनिन हा रक्तातला टाकाऊ पदार्थ, किडनीचं काम मंदावलं की त्याचा आकडा वाढतो. दोन्ही किडन्या मिळून ठीक काम करतात, एवढंच ते सांगतं. एका बाजूची किडनी जवळपास बंद पडली आणि दुसरी निरोगी असली तर क्रिएटिनिन नॉर्मल येऊ शकतं. शिवाय बारीक अंगाच्या, वयस्कर माणसात स्नायू कमी म्हणून आकडा मुळातच कमी दिसतो. त्यासाठी वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, बघावा. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली असेल तर किडनीचा जुनाट आजार आहे असं मानतात.

खडा किती मोठा, कुठे आणि किडनी किती फुगली हे सीटी स्कॅनमध्ये कळतं. मुतखड्यासाठी हा स्कॅन बिनाकॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य न देता होतो, त्यामुळे किडनीवर औषधाचा भार पडत नाही. किडनीचा गर, म्हणजे रक्त गाळणारा भाग, पातळ झालेला दिसला तर रेनोग्राम सांगतात. त्यात शिरेतून अगदी थोडा किरणोत्सारी पदार्थ देऊन कोणती किडनी किती टक्के काम करते ते मोजतात. एखादी किडनी १० टक्क्यांवर आली असेल तर खडा काढायचा की किडनीच काढायची, हा प्रश्न उभा राहतो. पण तुंबलेल्या अवस्थेतल्या आकड्यावर हा निर्णय घेऊ नये. आधी नळी टाकून किडनी मोकळी करावी, चार ते सहा आठवडे थांबावं आणि रेनोग्राम पुन्हा करावा. मोकळी झाल्यावर काही किडन्या बरंच काम परत मिळवतात.

लघवीच्या कल्चरसाठी तीन दिवस कशाला थांबायचं?

कारण खडा फोडताना त्यातले जंतू सुटतात आणि पाण्याच्या दाबाने रक्तात जाऊ शकतात. ऑपरेशननंतरचा सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेला गंभीर संसर्ग, हा किडनीचं काम एका रात्रीत बिघडवणारा सगळ्यात वाईट प्रकार आहे. साध्या लघवी तपासणीत पू दिसतो, पण जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं हे कल्चरमध्येच कळतं. जंतू निघाले तर त्याच औषधाचा कोर्स आधी सुरू करून मग ऑपरेशन करतात. काही निघालं नाही तरी भूल देण्याच्या सुमारास, छेद किंवा दुर्बिणीच्या आधी तासाभरात अँटिबायोटिकचा डोस देतात.

नमुना देताना सुरुवातीची थोडी धार सोडून द्या, मधली धार निर्जंतुक डबीत घ्या, झाकण आतून हाताळू नका आणि डबी लवकरात लवकर लॅबला पोचवा. उन्हात गाडीच्या डिकीत दोन तास राहिलेल्या डबीचा रिपोर्ट भरवशाचा नसतो. अँटिबायोटिक चालू केल्यावर दिलेला नमुनाही फसवा असतो. गावातल्या दवाखान्यात आधीच गोळ्या दिल्या असतील तर त्यांची पट्टी सोबत आणा.

खडा आहे आणि थंडी वाजून ताप आलाय. लगेच ऑपरेशन करतात का?

खडा त्या वेळी काढत नाहीत. ताप आणि अडथळा एकत्र आले की किडनीत पू साचू लागतो आणि वर औषध दिलं तरी ते बंद किडनीत नीट पोचत नाही. पहिलं काम लघवीला वाट करून देणं. त्यासाठी आतून डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंतची मऊ नळी) टाकतात किंवा पाठीतून किडनीत बारीक नळी (नेफ्रोस्टॉमी) घालतात. त्याच वेळी कल्चरचा नमुना घेऊन अँटिबायोटिक सुरू करतात. ताप उतरला, संसर्ग आटोक्यात आला आणि औषधाचा कोर्स झाला की मग खडा.

हे तासांच्या हिशेबाचं काम आहे. सुरगाणा, पेठ, कळवण भागातून नाशिकला यायलाच दोन-तीन तास जातात, म्हणून सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि "खडा आहे, ताप आहे, लघवी कमी झाली आहे" हे तीनही सांगा. एकच किडनी असलेल्या माणसाची लघवी बंद झाली तर ताप नसला तरी हीच घाई.

ऑपरेशनआधी कोणत्या गोळ्या थांबवायच्या?

स्वतःच्या मनाने कोणतीच नाही, पण सगळ्यांची यादी डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना दाखवायची. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्या अनेक भूलतज्ज्ञ २४ तास आधी थांबवायला सांगतात, कारण भुलेत रक्तदाब एकदम उतरला तर किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या मात्र अचानक बंद करणं धोक्याचं. साखरेच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या तीन दिवस आधी बंद करतात. चालू राहिल्या तर उपाशीपोटी साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आधी थांबवतात. पण हृदयात स्टेंट बसवलेला असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक दिवसही नाही.

वेदनाशामकांबद्दल नीट समजून घ्या. किडन्या निरोगी असतील तर कळीच्या वेळी डायक्लोफेनॅकचं एखादं इंजेक्शन चालतं आणि ते चांगलं काम करतं. क्रिएटिनिन वाढलेलं असताना, एकच किडनी असताना, उलट्या होऊन पाणी कमी झालेलं असताना तेच औषध किडनीचा रक्तपुरवठा आवळतं. मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनची पट्टी आठवडाभर खाऊन ऑपरेशनला येणारे रुग्ण कमी नाहीत. पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित. ॲमिकासिन, जेंटामायसिन ही इंजेक्शनं जंतूंवर उत्तम, पण किडनीला जड. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर ती द्यायची का, किती आणि किती दिवस, हे त्याच दिवशीच्या रिपोर्टवर ठरवतात.

रात्रीपासून पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हे बरोबर का?

घन पदार्थ सहा तास, तेलकट-जड जेवण आठ तास आधी बंद. साधं पाणी मात्र भुलेच्या दोन तास आधीपर्यंत बहुतेकांना चालतं. रात्री नऊला पाणी सोडून दुपारी दोनला टेबलवर येणारा माणूस कोरडा पडलेला असतो, आणि कोरड्या शरीरात किडनीला आधी झळ बसते. नंबर उशिराचा असेल तर पाणी किती वाजेपर्यंत घ्यायचं हे भूलतज्ज्ञांना स्पष्ट विचारा. साखरेचा जुना आजार असेल किंवा पोट सावकाश रिकामं होत असेल तर त्यांचा नियम वेगळा असू शकतो.

किडनीतला दाब म्हणजे काय? त्याची एवढी चर्चा का?

दुर्बिणीतून दिसायचं तर सतत सलाईन सोडावं लागतं. नाही तर रक्त आणि खड्याच्या भुकटीने सगळं गढूळ होतं. किडनीच्या पोकळीत एरवी दाब साधारण १० मिलिमीटर पारा किंवा त्याच्या आसपास असतो. तो ३० च्या वर गेला की पोकळीतलं पाणी उलटं किडनीच्या गरात, लसिकावाहिन्यांत आणि शिरांत शिरू लागतं. त्या पाण्याबरोबर जंतू आणि त्यांचं विष रक्तात जातं. दाब आणखी वाढला तर पोकळीचा कोपरा फाटून पाणी किडनीबाहेर झिरपतं. तुंबलेल्या मोरीत वरून बादल्या ओतत राहावं तशी ही गत आहे. म्हणून आत किती पाणी जातं यापेक्षा बाहेर किती येतं याकडे आधी बघायचं.

सलाईनची पिशवी किडनीच्या पातळीपासून ६० सेंटिमीटर उंच टांगली तर तिचा दाब सुमारे ४४ मिलिमीटर पारा असतो, १ मीटरवर सुमारे ७४. दुर्बिणीच्या बारीक वाटेत बराचसा दाब खर्ची पडतो, पण पाणी परत यायला जागा नसेल तर किडनीतला दाब पिशवीच्या दाबाकडे चढत जातो. दिसत नाही म्हणून हातपंप जोराने दाबला की दाब क्षणात शंभरच्या वर जाऊ शकतो.

त्यावरचा मुख्य उपाय म्हणजे मूत्रवाहिनीतून वर नेलेली ॲक्सेस शीथ, एक पोकळ नळी. दुर्बीण तिच्यातून जाते आणि दुर्बीण व नळी यांच्यामधल्या फटीतून पाणी बाहेर येतं. ही फट पुरेशी हवी: दुर्बिणीची जाडी शीथच्या आतल्या व्यासाच्या पाऊण पटीपेक्षा जास्त नसावी. समजा शीथ १०/१२ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप) आहे, म्हणजे आतून १० आणि बाहेरून १२. तिच्यात साडेसात फ्रेंचची दुर्बीण नेमकी बसते. साडेनऊची घातली तर फट उरत नाही आणि शीथ असूनही दाब चढतो. मोठी शीथ घ्यावी तर मूत्रवाहिनी अडते. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, त्यामुळे १४ फ्रेंचची शीथ बाहेरून पावणेपाच मिलिमीटर भरते. अरुंद मूत्रवाहिनीत ती रेटली तर अस्तर फाटतं आणि पुढे तिथेच आकुंचन येऊन किडनी तुंबते. शीथ सहज जात नसेल तर डीजे स्टेंट टाकून एक-दोन आठवडे थांबावं. तेवढ्यात मूत्रवाहिनी सैल होते. "आज नुसता स्टेंट टाकला, खडा पुढच्या वेळी" असं डॉक्टरांनी सांगितलं तर नाराज होऊ नका. तो निर्णय किडनी वाचवणारा असतो.

आता शोषण जोडलेल्या शीथही मिळतात. त्या पाणी आणि भुकटी दोन्ही बाहेर ओढतात, त्यामुळे दाब कमी राहतो. मूत्राशयात कॅथेटर ठेवल्यानेही मदत होते, कारण भरलेलं मूत्राशय वर दाब परतवतं.

सलाईनच का? साधं निर्जंतुक पाणी स्वस्त पडतं.

ते वापरू नये. थोडं पाणी रक्तात शोषलं जातंच. ०.९ टक्के सलाईन शोषलं गेलं तर शरीर ते बऱ्यापैकी सोसतं. नुसतं पाणी शिरलं तर तांबड्या पेशी फुटतात, त्यातलं हिमोग्लोबिन किडनीच्या नलिकांना इजा करतं आणि सोडियमही घसरतं. पीसीएनएलमध्ये ३ लिटरच्या कित्येक पिशव्या लागतात, म्हणून तिथे सलाईन अंगाएवढं कोमट करून वापरतात. नाही तर रुग्ण गारठतो.

लेझरने किडनी भाजते का?

चुकीच्या वापराने भाजू शकते. होल्मियम लेझर असो की थुलियम फायबर लेझर, किरण पाण्यात लगेच शोषले जातात. त्यामुळे समोरच्या ऊतीला थेट धोका कमी, पण ऊर्जा पाणी तापवते. एका ठोक्याची ऊर्जा गुणिले सेकंदाला ठोके, एवढा सोपा हिशेब: अर्धा ज्यूल आणि सेकंदाला २० ठोके म्हणजे १० वॅट, १ ज्यूल आणि ४० ठोके म्हणजे ४० वॅट. किडनीच्या पोकळीतल्या १० मिलिलिटर पाण्याच्या कप्प्यात प्रवाह बंद ठेवून ४० वॅट चालू ठेवले तर तापमान सेकंदाला जवळपास १ अंशाने चढतं. ३७ वरून ५० अंशांवर जायला पंधरा सेकंदही लागत नाहीत.

४३ अंश सेल्सिअसला ऊतीला कायमची इजा व्हायला साधारण १२० मिनिटं लागतात असं धरतात, आणि पुढच्या प्रत्येक अंशाला तो वेळ निम्मा होतो. ४७ ला साडेसात मिनिटं, ५० ला जेमतेम एक. म्हणून लेझर सलग न चालवता थांबून थांबून मारतात, पाणी चालू आहे याची खात्री केल्याशिवाय पेडल दाबत नाहीत आणि बंद कप्प्यात वॅट कमी ठेवतात. मिनिटाला ४० मिलिलिटर पाणी वाहत असेल तर २० वॅट त्याला फक्त ७ अंशांनी तापवतात. इथे सलाईन खोलीच्या तापमानाचं ठेवणं बरं, पीसीएनएलच्या उलट.

दाब आणि उष्णता यांची ओढाताण इथेच होते. पाणी वाढवावं तर दाब, कमी करावं तर उष्णता. पाणी परत येण्याची वाट मोकळी असेल तरच दोन्ही एकदम सांभाळता येतात. आमच्या मते लेझर किती वॅटचं आहे हे विचारण्यापेक्षा शीथ आणि वेळ याबद्दल विचारणं रुग्णाच्या जास्त उपयोगाचं आहे.

पाठीतून छिद्र केल्यावर किडनीचा तेवढा भाग मरतो का?

फार थोडा. १९७६ मध्ये स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी ही पद्धत मांडली, तेव्हापासून हा प्रश्न तपासला गेला आहे. छिद्र कापून होत नाही. सुई, मग तार, मग त्या तारेवरून वाट रुंद करत नेतात, त्यामुळे गर बराचसा बाजूला सरकतो. उरणारा व्रण किडनीच्या मानाने अगदी लहान असतो आणि अडथळा गेल्यावर एकूण काम टिकतं किंवा सुधारतं.

नुकसान होतं ते सुई चुकीच्या जागी गेल्यास. दोन्ही किडन्यांना मिळून हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा मिळतो, म्हणजे मिनिटाला लिटरभर. मोठ्या रक्तवाहिन्या कप्प्याच्या मानेलगत असतात, टोकाशी बारीक असतात. म्हणून सुई मागच्या बाजूच्या कप्प्याच्या टोकातून, म्हणजे पॅपिलामधून, सरळ रेषेत जायला हवी. सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) किंवा सोनोग्राफीवर बघून हे साधतात. बाजूने घुसलं, किंवा आत गेल्यावर कडक दुर्बीण एका कप्प्यातून दुसऱ्याकडे रेटून वळवली, की मान फाटते आणि रक्त थांबत नाही. आडवळणाच्या तुकड्यासाठी रेटण्यापेक्षा दुसरं छिद्र किंवा लवचीक दुर्बीण बरी.

छिद्राच्या मापाचाही फरक पडतो. नेहमीची वाट २४ ते ३० फ्रेंच, मिनी पीसीएनएलची साधारण १४ ते २०. ३० फ्रेंच म्हणजे १० मिलिमीटर, १६ म्हणजे सव्वापाच. तोंडाचं क्षेत्रफळ साडेतीन पट कमी होतं आणि रक्तस्राव घटतो. मात्र बारीक वाटेतून पाणी परत येणं कठीण, त्यामुळे दाबाची काळजी वाढते आणि मोठा खडा फोडायला वेळही जास्त लागतो. मिनी म्हणजे सरसकट चांगलं, असं नाही.

मध्येच थांबून "उरलेला खडा नंतर" असं का म्हणतात?

आरआयआरएस ९० मिनिटांच्या पुढे गेली की सेप्सिसचा धोका वाढत जातो, म्हणून अनेक जण तासाभरातच हात आवरतात. पीसीएनएलमध्ये सुई घातल्याबरोबर पू आला तर नळी ठेवून तिथेच थांबायचं, पू कल्चरला पाठवायचा आणि खडा नंतर काढायचा. रक्ताने दिसेनासं झालं तरी तेच. एकाच बैठकीत खडा संपवण्याचा हट्ट रुग्णानेही धरू नये आणि डॉक्टरांनीही.

डीजे स्टेंट किती दिवस ठेवायचा? विसरला तर?

हा साधारण २४ ते २६ सेंटिमीटर लांब, दोन्ही टोकांना वळलेला मऊ नळीचा तुकडा. ऑपरेशननंतर सूज आणि तुकड्यांमुळे मूत्रवाहिनी बंद होऊ नये म्हणून ठेवतात. साध्या केसमध्ये एक ते चार आठवडे पुरतात. तीन महिन्यांच्या पुढे तर नाहीच. लघवीची घाई, लघवीच्या शेवटी कमरेत कळ, चालल्यावर लालसर लघवी हे त्रास चालतात. टॅम्सुलोसिन या गोळीने बऱ्याच जणांना आराम पडतो.

स्टेंट आतच राहून गेला की त्यावर खडे चढतात, तो ठिसूळ होऊन तुटतो, आणि मुळात खडे होणाऱ्या माणसात हे लवकर होतं. मग नळी काढायला मोठं ऑपरेशन, आणि मधल्या काळात किडनी गमावलेले रुग्णही असतात. कारणं बहुधा साधी असतात: बरं वाटतंय, शेतीचा हंगाम आहे, फाइल दुसऱ्या भावाकडे आहे, नळी आत आहे हेच घरी कोणाला माहीत नाही. डिस्चार्ज कार्डवर स्टेंट घातल्याची आणि काढायची तारीख लिहून घ्या, दोन माणसांच्या मोबाइलमध्ये आठवण लावा. काढायला पाच-दहा मिनिटं लागतात, बहुतेकांना जेली लावून जागेपणीच काढतात.

ऑपरेशननंतर वॉर्डात काय बघतात?

लघवी तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे किमान अर्धा मिलिलिटर हवी. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलिलिटर. सलग सहा तास त्याहून कमी झाली, किंवा क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ ने वाढलं, तर किडनीला तातडीची इजा झाली असं धरून कारण शोधतात. लघवीची नळी पिळलेली आहे का, रक्ताच्या गाठीने बंद झाली आहे का, रक्तदाब कमी आहे का, संसर्ग आहे का, याच क्रमाने बघितलं तर वेळ वाचतो. पहिल्या चोवीस तासांत थंडी, ताप, जोराचा श्वास, गोंधळलेपणा यांपैकी काहीही दिसलं तर नातेवाइकांनी नर्सला लगेच सांगावं.

उलट प्रकारही होतो. दोन्ही बाजूंचा जुना अडथळा सुटला की लघवीचा पूर येतो. तासाला २०० मिलिलिटरपेक्षा जास्त, दोन तास सलग, असं झालं की पाणी आणि क्षार मोजून भरावे लागतात. घरच्यांना वाटतं किडनी जोरात चालली, पण तेव्हा सोडियम-पोटॅशियम वारंवार तपासावं लागतं.

एकच किडनी आहे, किंवा दोन्हीकडे खडे आहेत. काय बदलतं?

चूक सोसायला जागा उरत नाही, म्हणून प्रत्येक पायरी सावध होते. क्रिएटिनिन खूप वाढलेलं असेल तर आधी फक्त नळी टाकून ते खाली येऊ देतात. दोन्ही बाजू बंद असतील तर संसर्ग असलेली बाजू आधी मोकळी करतात. संसर्ग नसेल तर जास्त काम करणारी. खडे काढणं बहुतेक वेळा एका वेळी एका बाजूचं. अशा रुग्णाने किडनीतज्ज्ञ, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्टही हाताशी असलेलं ठिकाण निवडावं.

गरोदरपणात कळ आली तर?

सोनोग्राफी करतात, लहरींचा उपचार नाही. बरेच खडे पाणी आणि वेदनाशामकाने पडतात. ताप किंवा न थांबणारी कळ असेल तर स्टेंट किंवा पाठीतून नळी. डायक्लोफेनॅक परस्पर घेऊ नये.

हुलग्याचं कढण, पानफुटीची पानं यांनी ऑपरेशन टळेल का?

हुलगा हे कडधान्य आहे, आमटी खा, हरकत नाही. पण कॅल्शियम ऑक्सलेटचा खडा, जो सगळ्यात जास्त आढळतो, कढणाने विरघळत नाही. औषधाने खरोखर विरघळतो तो युरिक ॲसिडचा खडा: लघवीची आम्लता कमी करून पीएच ६.५ ते ७ च्या आसपास ठेवावा लागतो, त्यासाठी पोटॅशियम सायट्रेट देतात. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हेच औषध पोटॅशियम वाढवून हृदयाला धोका करतं. घटक न लिहिलेल्या पुड्या आणि काढे मात्र टाळा, आणि घेतले असतील तर लपवू नका. खरा तोटा वेळेचा होतो. लहान खडा आपोआप पडतो, श्रेय काढ्याला जातं, आणि शेजारचा मोठा खडा असलेला माणूस तोच काढा घेत सहा महिने थांबतो.

द्राक्षबागेत उन्हात काम असतं. पाणी किती प्यायचं?

लघवी दिवसाला दोन ते अडीच लिटर झाली पाहिजे, हे माप धरा. सावलीतल्या माणसाला त्यासाठी अडीच-तीन लिटर पाणी पुरतं. एप्रिलमध्ये निफाड-दिंडोरीकडे खरड छाटणी चालू असते तेव्हा घामातच कित्येक लिटर जातात, तिथे चार लिटरही कमी पडतील. सातपूर-अंबडच्या भट्टीजवळ पाळी करणाऱ्यांचंही तेच. दुपारची लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडलं. बोअरचं पाणी जड म्हणून खडे होतात असं सगळीकडे ऐकू येतं. पण पाण्याच्या जडपणापेक्षा ते किती प्यायलं यावर जास्त अवलंबून आहे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लोणचं-पापड हिशेबात धरून. दूध-दही बंद करू नका, जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला बांधून ठेवतं. निर्जळी उपवास खडे होणाऱ्यांनी करू नयेत. पीसीएनएलनंतर जड उचलणं आणि लांबची पायपीट तीन-चार आठवडे नको, त्यात चैत्रातली सप्तशृंगी गडाची पायी वारीही आली.

खर्च झेपत नसेल तर?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या शस्त्रक्रिया आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा. शालिमारजवळच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात मूत्ररोग आणि किडनी या दोन्ही विभागांची सोय आहे.

घरी गेल्यावर परत कधी धावायचं?

१०१ फॅरनहाइटच्या आसपास ताप किंवा थंडी, लघवी बंद, न थांबणारी उलटी, किंवा कमरेत वाढत जाणारी कळ. पीसीएनएल झालेल्यांसाठी आणखी एक: पहिल्या एक ते तीन आठवड्यांत अचानक लालभडक लघवी आणि गाठी आल्या तर ती फुगलेली रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. अँजिओग्राफी करून नेमकी तीच वाहिनी आतून बंद करता येते, बाकी किडनी वाचते. फिकट गुलाबी लघवी मात्र काही दिवस चालते.

सगळं बरं आहे, मग पुन्हा सोनोग्राफी कशाला?

मूत्रवाहिनीत आकुंचन आलं किंवा तुकडा अडकला तर प्रत्येकाला कळ येतेच असं नाही. काही किडन्या अजिबात न दुखता फुगतात, आणि वर्षभराने दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत गर पातळ झालेला दिसतो. म्हणून स्टेंट काढल्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी एक सोनोग्राफी, सोबत क्रिएटिनिन. किडनी फुगलेली दिसली तर रेनोग्राम. तीन महिन्यांनी पुन्हा क्रिएटिनिन आणि रक्तदाब, आधीच किडनी कमजोर असेल तर त्यानंतरही दर सहा महिन्यांनी. काढलेल्या खड्याचा तुकडा तपासणीला पाठवायला सांगा आणि तो रिपोर्ट फाइलला लावा. जुन्या सीटीची सीडी, डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनआधीचं क्रिएटिनिन दर भेटीला सोबत असू द्या. आताचा आकडा त्याच्याशीच ताडून बघायचा असतो.